सारखं आणि समान

दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या घरात दोन कामं सुरू होतात. एक, डबे घासून-पुसून कोरडे करणं आणि दुसरं, नातींसाठी कपडे. परवा सुनेनं मोबाईल पुढे केला. त्यात सुंदर परकर-पोलकी होती. म्हणाली, "आई, दोघींना एकसारखीच घेऊ का? मंदिरात किती छान दिसतील!"

आमच्या नाती जुळ्या आहेत. हुबेहूब एकसारख्या. सहा मिनिटांचं अंतर, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. आता सहा वर्षांच्या आहेत. सुनेनं विचारलं ते साधंच होतं, पण मी चटकन 'घे' म्हणू शकले नाही. त्याला कारण आहे.

त्या अडीच वर्षांच्या होत्या तेव्हा दोघींना एकाच वेळी ताप आला. मुलगा-सून कामावर, घरी मी एकटी. दोघींच्या अंगात सारखेच पिवळे फ्रॉक होते, मीच हौसेनं आणलेले. एकीला तापाचं औषध पाजलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून आले आणि 'दुसरी'ला पाजलं. अर्ध्या तासानं बघते तर एकीला दरदरून घाम आणि दुसरीचं अंग तसंच तापलेलं. मग लक्षात आलं की एकीच्याच हनुवटीवर आणि कॉलरवर औषधाचे डाग होते. दुसरीचा फ्रॉक स्वच्छ होता. मी एकाच लेकराला दोनदा औषध पाजलं होतं!

हात-पाय गळाले. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वजन विचारलं, किती मिली दिलं ते विचारलं आणि म्हणाले, घाबरू नका, पण आज तिला आता पुन्हा देऊ नका, लक्ष ठेवा. सगळं नीट झालं. पण त्या रात्री मी णमोकार म्हणत दोघींच्या मध्ये बसून होते. आयुष्यभर घरखर्चाची वही पैशापर्यंत जुळवणारी मी, पण दोन लेकरांचा हिशोब चुकले. का, तर दोघी 'गोड' दिसाव्यात म्हणून.

त्या दिवसापासून मी नियम केला. थोरलीला गुलाबी, धाकटीला निळा. फ्रॉक, टोपी, पाण्याची बाटली, सगळं. बाहेरच्यांनाही सोपं झालं. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मैत्रिणींनो, तो सुटला नव्हता. चार वर्षांची झाल्यावर धाकटी एक दिवस कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "आज्जी, मी गुलाबी कधी होणार?" बघा हं, 'गुलाबी कधी घालणार' असं नाही, 'कधी होणार'! आधी मी दोघींना एका साच्यात घातलं होतं, आता दोन साच्यांत. साचा माझाच होता. सारखे कपडे घालणं जसं लादणं असू शकतं, तसं वेगळे कपडे घालणंही लादणंच असू शकतं, हे मला त्या पोरीनं शिकवलं.

आपला धर्म काय सांगतो, याचाही मी विचार केला. शरीराची घडण ही नामकर्माची देणगी. आत्मा मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. दोघी एका पोटी, एका वेळी आल्या म्हणून त्या एक झाल्या नाहीत. पद्मपुराणात सीतेचे जुळे पुत्र अनंगलवण आणि मदनांकुश यांची कथा आहे. जन्म बरोबर, शिक्षण बरोबर, युद्धातही बरोबर. पण आपल्या कर्मांची निर्जरा प्रत्येकाला स्वतःच करावी लागते, तिथे जुळा भाऊ चालत नाही. विज्ञानही फार वेगळं सांगत नाही. हुबेहूब जुळी मुलं एकाच फलित अंड्यापासून होतात, तरी त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर दोघींचे ठसे आधारसाठी द्यायला गेलो, तेव्हा मला हेच आठवलं. आजीला चेहऱ्यावरून कळत नव्हतं, ते मशीनला बोटावरून कळतं.

आता दुसरी बाजू. अनेकांत मानणारीनं ती बघायलाच हवी. माझ्या जाऊबाई म्हणतात, "दोघींना वेगळं आणलं की भांडणं. शिवाय दुजाभाव केला असं वाटतं." गर्दीत एकसारखे कपडे बरे, हेही लोक सांगतात. एक चुकली तर ती कशी दिसते हे दाखवायला दुसरी उभीच असते. खोटं नाही. पण आमच्यासारख्या घरात ते काम चेहराच करतो, फ्रॉकची गरज नाही.

दुजाभावाचं मात्र मला पटत नाही. 'सारखं' आणि 'समान' यात आपण गल्लत करतो. चौक्यात दोन महाराज आहाराला आले, एकांचा मिठाचा त्याग आहे, दुसऱ्यांचा तुपाचा. आपण दोघांच्या अंजलीत एकच पदार्थ वाढतो का? ज्यांचा जसा नियम तसा आहार देतो, भक्ती मात्र दोघांवर समान. त्याला कुणी दुजाभाव म्हणत नाही. थोरलीला जरीचं काम टोचतं, अंगावर लाल चट्टे उठतात. धाकटीला जरी आवडते. दोघींना जरीचं आणलं तर ते सारखं झालं, समान नाही झालं.

आता थोडा हिशोब, कारण कॉमर्सवाली गप्प बसणार नाही. एकसारख्या चार जोड्या घेतल्या तर फ्रॉक आठ होतात, पण प्रत्येकीला रूपं मिळतात चारच. वेगवेगळे सहा फ्रॉक घेऊन दोघींनी आलटून-पालटून वापरले तर प्रत्येकीला सहा रूपं, आणि खरेदी दोन फ्रॉकनी कमी. शिवाय जोडीतल्या एकावर हळदीचा डाग पडला की चांगला दुसराही 'जोडी मोडली' म्हणून कपाटात पडून राहतो. परिग्रह परिमाण व्रताच्या गोष्टी आपण स्वाध्यायात करतो, कपाट मात्र उघडून बघत नाही. एक अट मात्र ठेवावी. प्रत्येकीची एक-दोन वस्त्रं फक्त तिची असावीत. सगळंच सामाईक असलं तर पोरीला 'माझं' म्हणून जपायला काही उरत नाही.

मग करायचं काय? माझं मत सरळ सांगते. मूल बोलायला लागेपर्यंत निर्णय मोठ्यांचा, आणि तोवर कपडे वेगळे असावेत, निदान आजारपणात आणि प्रवासात तरी. हा हौसेचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मूल निवडायला लागलं की निर्णय त्याचा. सारखं घालायचं असेल तर दोघींचा होकार हवा. एकीलाच हवं आणि दुसरीला नको असेल, तर नको म्हणणारीचं ऐकावं. कारण वेगळं घातलं म्हणून हवं म्हणणारीचा फ्रॉक काही हिरावला जात नाही, तिला तो मिळतोच. पण सारखं लादलं तर दुसरीची निवडच जाते. आणि रंग कुणाच्याही नावावर कायमचा चढवू नये.

भेट देणाऱ्यांनाही एक विनंती. जुळ्यांच्या घरी जाताना 'दोघींसाठी दोन सारखे' असं डोळे झाकून घेऊ नका. एकदा फोन करून विचारा, हिला काय आवडतं आणि तिला काय.

परवा रात्री सुनेचा मोबाईल मी दोघींच्या हातात दिला. एकीला स्वयंपाकघरात बसवलं, दुसरीला देवघरात, म्हणजे एकमेकींचं बघून सांगायला नको. पोथीत वाचतो, भोगभूमीत वस्त्रांग कल्पवृक्षच कपडे देतात. तिथे ही कटकट नाही! थोरलीनं हिरवं परकर-पोलकं निवडलं, बिनजरीचं. धाकटीकडे गेले तर तिचंही बोट त्याच हिरव्यावर. मी दोनदा विचारलं, "जरीचं नको?" म्हणाली, "नको आज्जी, हेच."

दोन मतं पडली होती, दोन्ही हिरव्याला. मी सुनेला म्हटलं, घे एकसारखीच.

आली की धाकटीच्या पोलक्याला आतून लाल दोऱ्याचा एक टाका घालणार आहे. कुणाला दिसणार नाही. तो टाका तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

जय जिनेंद्र.