सरासरी पाणी

इंजिनिअरिंगला असताना मला एम-थ्रीत केटी लागली होती. बाकीच्या विषयांत मार्क बरे होते, पण युनिव्हर्सिटी काही "चल, सरासरी काढू आणि पास करून टाकू" असं म्हणाली नाही. तेव्हा जाम राग आला होता. आता वाटतं, आपल्या नद्यांनाही हाच नियम लावायला हवा.

नदीच्या पाण्याला आपल्याकडे एकच आकडा देतात, जल गुणवत्ता निर्देशांक. मूळ पद्धत अमेरिकेतली, १९७० सालची, नऊ मोजमापांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित पद्धतीत चारच उरली: विरघळलेला ऑक्सिजन (वजन ०.३१), मैल्यातले जंतू म्हणजे फीकल कॉलिफॉर्म (०.२८), पीएच (०.२२) आणि बीओडी (०.१९). प्रत्येकाला शंभरपैकी मार्क द्यायचे, वजनाने गुणायचे आणि बेरीज मारायची. शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं? ती सिलॅबसमध्येच नाहीत.

शनिवारी बसल्या बसल्या एक्सेलमध्ये एक काल्पनिक नदी बनवली. ऑक्सिजन ९०, पीएच ९०, बीओडी ८० आणि जंतूंना फक्त ५ मार्क. उत्तर आलं ६४.३. आणि ६३ च्या वर म्हणजे "चांगलं ते उत्कृष्ट"! मैला मिसळलेलं पाणी फर्स्ट क्लासात पास की हो!

"वजनं तज्ज्ञांनी ठरवलीत, तू कोण टिकोजीराव?" मान्य. माझं भांडण वजनांशी नाहीच, बेरजेशी आहे. बेरजेत एकाची कमी दुसरा भरून काढतो. पण पीएच झकास आहे म्हणून कुणाचा कॉलरा टळलाय का? बेरजेऐवजी जिऑमेट्रिक मीन काढला तर हीच नदी ३९ वर येते, म्हणजे "वाईट". आणि सगळ्यात कमी मार्क धरले तर ५. पाणी तेच, फक्त फॉर्म्युला बदलला.

गंमत म्हणजे हवेसाठी हे शहाणपण आपल्याला सुचलंय. २०१४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवा निर्देशांकात सगळ्यात वाईट प्रदूषकाचा आकडा हाच एकूण आकडा. मग पाण्याने काय घोडं मारलंय?

कुणी म्हणेल, एखादं मोजमाप चुकलं तर नदी उगाच बदनाम होईल. मग पुन्हा नमुना घ्या ना! एक टेस्ट फेल झाली तर आपण ती परत रन करतो, पास झालेल्यांत मिसळून रिलीज करत नाही. (करत असाल तर बोलूया कधीतरी.)

एकच आकडा हवाय? जरूर द्या. पण शेजारी नापास झालेल्या विषयाचं नावही छापा. माझ्या मार्कशीटवर छापलं होतं.