आधी कुलूप, मग दुर्बीण

अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी रायफल घेणाऱ्या माणसाला लगेच पडणारा प्रश्न म्हणजे तिच्यावर काय काय लावायचं. एआर-१५ पद्धतीच्या रायफलीची रचनाच या प्रश्नाला आमंत्रण देते. नळीभोवतीच्या आवरणाला ठरावीक मापाच्या खाचा असतात आणि त्यांत बॅटरी, लेझर, पुढची मूठ, दोन पायांचा टेकू असं हवं ते बसवता येतं. आम्हा संगणकवाल्यांना हे फार ओळखीचं वाटतं. ग्रीन कार्ड मिळाल्यावर, घर घेतल्यावर रायफलही घेतलेले काही मराठी इंजिनियर माझ्या ओळखीत आहेत. त्यांची अ‍ॅक्सेसरीजवरची चर्चा ग्राफिक्स कार्डाच्या चर्चेसारखीच चालते, तितक्याच उत्साहाने आणि तितक्याच बारकाव्याने.

माझं भांडण या चर्चेशी आहे. बंदूक बाळगण्याच्या हक्काचा वाद मी इथे काढत नाही. घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात मान्य केला आहे. माझी तक्रार 'आवश्यक' या शब्दाबद्दल आहे. तो शब्द फार स्वस्त झाला आहे.

सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेचं काम करताना आधी कागदावर मांडतात की काय वाचवायचं आहे, कुणापासून, आणि काय काय बिघडू शकतं. साधनं त्यानंतर. हीच शिस्त रायफलीला लावली तर दिवाणखान्यातला दरोडेखोर ही यादीतली एकच ओळ ठरते. बाकीच्या ओळी अशा: चुकीच्या माणसावर गोळी झाडली जाणं, गोळी भिंतीपलीकडच्या माणसाला लागणं, आणि घरातल्याच कुणीतरी नको त्या क्षणी रायफल उचलणं. जी वस्तू यांपैकी एखादा बिघाड टाळते ती आवश्यक. बाकीची हौस आहे. हौसेला माझी ना नाही, पण तिला हौसच म्हणावं.

पहिला बिघाड घ्या. १९९२ साली लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये हॅलोविनच्या पार्टीला निघालेला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी चुकीच्या घरी पोचला आणि घरमालकाच्या गोळीने मेला. २०२३ साली कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुकीच्या दाराची बेल वाजवली. त्याच्या डोक्यात गोळी गेली; तो वाचला हे नशीब. दोन्हीकडे हत्यार रिव्हॉल्व्हर होतं, पण रायफल असती तरी चूक तीच राहिली असती: समोर कोण आहे हे नीट कळण्याआधीच चाप ओढला गेला.

म्हणून रायफलीवर बॅटरी हवी, यावर सगळे जाणकार सहमत असतात. मीही आहे. पण इथे एक साधी गोष्ट सुटते. रायफलीवरच्या बॅटरीने ज्याच्यावर उजेड पाडाल त्याच्यावर नळीही रोखलेली असते. जेफ कूपरने घालून दिलेल्या बंदुकीच्या चार नियमांतला एक सांगतो की ज्याचा नाश करायची तयारी नाही त्यावर नळी धरू नये. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलेल्या आईवर तरी नाहीच नाही. तेव्हा रायफलीवरच्या बॅटरीच्याही आधी हातात धरायची साधी टॉर्च हवी. त्याहून आधी जिन्याचा दिवा लावावा. तो कुठल्याच यादीत नसतो, कारण तो घरात आधीच बसवलेला असतो आणि त्यावर कुणाला कमिशन मिळत नाही.

दुसरा बिघाड भिंतीचा. पुण्यामुंबईच्या विटा-काँक्रीटच्या घरात वाढलेल्यांना अमेरिकी घराची आतली भिंत म्हणजे काय याचा अंदाज नसतो. लाकडी सांगाड्याला दोन बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे ठोकले की झाली भिंत. नेम चुकला तर रायफलीची गोळी अशा एकाहून अधिक भिंती पार करते. पलीकडे मुलांची खोली असते, किंवा शेजारी. यावर बाजारात अ‍ॅक्सेसरी नाही. कुठून कुठल्या दिशेला गोळी झाडायचीच नाही हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवावं लागतं, आणि नेमाचा सराव करावा लागतो.

सरावाशिवाय दुर्बीणही दगा देते. घरातल्या अंतरासाठी लाल ठिपका दाखवणारा साधा दर्शक पुरतो, मोठं करून दाखवणाऱ्या भिंगांची गरज नसते. पण एआर-१५वर हा दर्शक नळीच्या साधारण अडीच इंच वर बसतो, त्यामुळे पाच-सात मीटरवर गोळी ठिपक्याच्या दोनेक इंच खाली लागते. हजारभर डॉलरचा दर्शक घेऊनही हे माहीत नसलेला माणूस मी पाहिला आहे. खांद्याचा पट्टा मात्र खराच उपयोगी, कारण एक हात फोनला आणि एक हात मुलाला लागतो. कानाला संरक्षणही हवं: रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि बंद खोलीत कान कायमचे जाऊ शकतात. तरीही बरेच जण नळीच्या टोकाला असा भाग लावतात ज्याने धक्का कमी होतो आणि आवाज आणखी वाढतो.

आता तिसरा बिघाड, सगळ्यात मोठा. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,०००हून अधिक माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,००० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. घरातली बंदूक कुणाच्या दिशेने वळते याचं हे उत्तर आहे. नोकरी गेलेला, परीक्षेत नापास झालेला, रात्री झोप न येणारा माणूस बाहेरून येत नाही. तो आपल्याच टेबलावर जेवतो. अशी ओढ अनेकदा थोड्या वेळात ओसरते, पण बंदूक दुसरी संधी क्वचितच देते. तो थोडा वेळ मिळवून देणारी एकच वस्तू आहे: कुलूप.

आणि नेमकं कुलूपच यादीच्या तळाशी असतं, असलं तर. कायद्याचीही तीच तऱ्हा. २००५च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक विक्रेत्यांना बंदुकीबरोबर कुलूप किंवा तसं साधन देणं भाग पाडलं, पण फक्त पिस्तुल-रिव्हॉल्व्हरसाठी. रायफल त्यातून सुटली. काही राज्यांचे नियम कडक आहेत, पण सगळीकडे नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: रात्री तीन वाजता कुलूप उघडत बसू का? आक्षेप पोकळ नाही. हेलर खटल्यात न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा जो नियम रद्द केला त्यात घरातलं शस्त्रही सुटं करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवण्याची सक्ती होती. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसं ठेवावं याचे कायदे यामुळे बाद ठरत नाहीत. शिवाय बटणांचा आकडा दाबून काही सेकंदांत उघडणाऱ्या तिजोऱ्या मिळतात. ज्याला दहा सेकंदही परवडत नाहीत त्याने आधी दाराची कडी, खिडकीची खिटी आणि धोक्याची घंटा पाहावी. ते दहा सेकंद तिथून मिळतात.

दुसऱ्या बाजूचे आपले सज्जनही मला पटत नाहीत. 'बंदूक वाईट, विषय संपला' म्हणून ते उठून जातात. त्यांची मुलं मात्र शनिवारी त्याच मित्राकडे खेळायला जातात, आणि तिथे रायफल कशी ठेवली आहे हे विचारणं त्यांना अशिष्ट वाटतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे न लाजता सांगतो, तसंच हेही विचारावं.

माझी यादी अशी: तिजोरी, टॉर्च, प्रशिक्षण आणि सरावाच्या गोळ्या, रायफलीवरची बॅटरी, पट्टा, कानांचं संरक्षण, साधा दर्शक. याच क्रमाने. पहिल्या तीन गोष्टींना पैसे पुरत नसतील तर रायफलीलाही पुरत नाहीत असं समजावं.