आम्हालाही बोलू द्यावे

गुरुजींनी आम्हाला महाडच्या चवदार तळ्याची हकिकत सांगितली. ते तळे सर्वांना खुले, असा ठराव तेथल्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण तो कागदावरच! अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना कोणी पाणी घेऊ देत नसे. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुष्कळ माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नंतर त्या लोकांना मारहाण झाली, तरी बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. मला हेच फार अवघड वाटते. मला तर कुणी नुसता चिमटा काढला तरी राहवत नाही. कोर्टाचा शेवटचा निकाल १९३७ साली लागला. म्हणजे माझ्या वयाएवढी वर्षे गेली.

आता घटनेच्या १९ व्या कलमात बोलण्याचे आणि हत्याराशिवाय शांतपणे जमण्याचे स्वातंत्र्य आहे. तरी घरी म्हणतात, पोरांनी मध्ये तोंड घालू नये. मला हे पटत नाही. शाळेच्या नळाला दुपारी पाणी नसते, ते आम्हालाच ठाऊक, कारण तहान आम्हाला लागते. म्हणून आपण चौथीच्या मुलांनी अर्ज लिहावा आणि रांगेने, आरडाओरडा न करता ग्रामसभेला जावे, असे माझे मत आहे. पालकांनी आम्हाला हुसकावू नये. अर्ज वाचून घ्यावा. शुद्धलेखन गुरुजी तपासून देतील.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी