आमदारसाहेब, हाराआधी हिशेब

चौदा एप्रिलला चौकाचौकात आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जे आमदार-खासदार बाबासाहेबांना हार घालतात, त्यांना माझा साधा सवाल आहे. हा माणूसही तुमच्यासारखाच सभागृहात बसत होता. तिथं बसून त्यानं काय केलं, कधी वाचलंत? घटना लिहिली, एवढं तुम्हाला पाठ आहे. घटना हातात धरून फोटो काढता येतो ना. संपाच्या भाषणाचा फोटो काढता येत नाही.

मी गोदीत ठेक्यावर काम करतो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा पोथीपांडित्य माझ्याकडे नाही, वाचलंय तेवढंच सांगतो.

१९२८ साली मुंबई कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं. बाबासाहेब तिथं सरकारनं नेमलेले सभासद. नेमलेल्या माणसानं सरकारच्या तोंडाकडे बघून हात वर करायचा ही रीत. हे उठले आणि बोलले, बाईला विश्रांती पाहिजे, तिच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो तर मालकानं भार सोसावा, आणि लोकांचं कल्याण हे सरकारचं काम आहे म्हणून सरकारनंही सोसावा. १९२९ ला कायदा झाला.

त्याच १९२८ ला गिरण्यांचा मोठा संप. लालबावटावाले दोस्त या संपाच्या गोष्टी लई रंगवून सांगतात, पण एक गोष्ट हळूच गिळतात. साचेखात्यात पगार चांगला, पण तिथं आपला माणूस नाही. का? तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढावं लागायचं. महाराच्या थुंकीचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? मालकाविरुद्ध एकजूट, आणि धोट्यापाशी जात! बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना तिथंच धरलं. हे खातं आमच्या माणसांना खुलं करा म्हणाले.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी हेच पुन्हा मांडलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. साधा पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पाणी भरावं लागतं, आणि मास्तरला विटाळ होतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन दुश्मन, हे त्यांनी सांगितलं ते याच सभेत. पगार आणि हुन्नर हे दोन सवाल नव्हेतच. हुन्नर शिकू दिला नाही की पगार आपोआप बुडतो, त्यासाठी मालकाला वेगळी चोरी करावी लागत नाही.

आता १९३८ चा सप्टेंबर. मुंबईत काँग्रेसचं सरकार, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. औद्योगिक तंट्याचं बिल आणलं. संपाआधी समेटाची सक्ती, नियम मोडून संप केला तर तुरुंग. बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले. संप गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं, आणि त्यालाच गुलामी म्हणतात, हा त्यांचा मुद्दा. आकडे विरोधात होते. बिल पास होणार हे दिसत होतं. म्हणून ते घरी गेले नाहीत. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षानं आणि ज्यांच्याशी धोट्यावरून भांडण होतं त्या कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत संप केला. पोलिसांनी गोळी चालवली. बिलाचा कायदा झालाच, पण कोण कुठं उभं होतं हे कामगारानं बघितलं.

१९४२ ते ४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री. १९४६ ला कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. किमान वेतनाचं बिल त्याच साली मांडलं गेलं, कायदा १९४८ ला झाला. रोजगार विनिमय केंद्रं १९४५ ला मजूर खात्याखाली निघाली.

आता तुमचं बघू, साहेब.

२३ सप्टेंबर २०२०. राज्यसभेत तीन कामगार संहिता पास झाल्या. विरोधी बाकं जवळजवळ रिकामी होती. आठ सभासद निलंबित केले म्हणून बहिष्कार! अरे, संप मोडणारा कायदा येतोय आणि तुम्ही बाहेर? २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप नाही. समेटाची बोलणी चालू आहेत तोवर संप नाही, त्यानंतर ७ दिवस नाही. निम्म्या लोकांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. आम्हा गोदीवाल्यांना नोटिशीची सवय आहे, पूर्वीही ती लोकोपयोगी सेवांना होती. आता ती सगळ्यांच्याच गळ्यात बांधली. आणि ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला माणसं कमी करताना सरकारला विचारायची गरज नाही. पूर्वी १०० ला विचारावं लागायचं.

आमदार म्हणतील, हे दिल्लीचं. बरं. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही नियम करावे लागतात. आणि कारखान्यात दिवसाचे ९ तासांचे १२ करायला सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली ती महाराष्ट्राच्याच मंत्रिमंडळानं. आठवड्याचे ४८ कायम आहेत म्हणतात. ते मोजणार कोण? हजेरीची वही ज्याच्या खिशात, तोच.

प्रशिक्षणाचंही तसंच. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन, सहा महिने. मॅट्रिकला रकानाच नाही. आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणतो, शिकाऊ हा कामगारच नव्हे, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. म्हणजे काम करून घ्यायचं आणि नाव शिकण्याचं द्यायचं. आमच्या पाळीवर क्रेन चालवणारा वेगळा आणि कॉइलला स्लिंग मारणारा वेगळा. क्रेन शिकायची म्हटलं तर ठेकेदार म्हणतो, आधी दोन वर्षं स्लिंग मार. दोन वर्षांत ठेकाच बदलतो. नव्या ठेकेदाराच्या वहीत आम्ही परत नवे. धोटा गेला, भोक तेच राहिलं.

येत्या चौदा एप्रिलला तुम्ही आमच्या वस्तीत याल. माईक देऊ. खासदार असाल तर २३ सप्टेंबर २०२० ला कुठं होता ते आधी सांगा. आमदार असाल तर बारा तासांवर सभागृहात काय बोललात ते सांगा, तारखेसकट. मग हार घाला.