उत्तर माहीत नसलेला प्रश्न

शाळकरी मुलांना अर्थपूर्ण संवाद शिकवावा लागतो, हे म्हणणे अनेक पालक-शिक्षकांना पटत नाही. मुले दिवसभर बोलतच असतात, त्यात शिकवायचे काय, असे ते विचारतात. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही, पण तो अपुरा आहे. मधल्या सुट्टीत अखंड बोलणारी मुले तासाची घंटा झाली की एका शब्दावर येतात. ‘नदीचे उपयोग सांगा’ म्हटले की सगळा वर्ग एका सुरात ‘पिण्यासाठी, शेतीसाठी, वीजनिर्मितीसाठी’ म्हणतो. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि मुलांनाही ते माहीत असते. पनवेलचेच उदाहरण घ्या. शहराच्या कडेने गाढी नदी वाहते. ‘आजीच्या लहानपणी गाढी कशी होती, ते तिला विचारून या’ असे सांगितले, तर बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकालाही उत्तर माहीत नसते. त्याला ते खरोखर ऐकायचे असते, आणि हे मुलाला लगेच कळते.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धा होतात, तेवढे पुरे, असा दुसरा पक्ष आहे. त्याचे खंडन आपल्याच परंपरेत सापडते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त खोडून काढते ती वितंडा. शाळेतील वादविवाद स्पर्धा हा सरळ जल्प आहे. बाजू चिठ्ठीने ठरते, मत बदलण्याची सोय नसते. वक्तृत्व स्पर्धेत तर समोर कोणी बोलणाराच नसतो. घरच्यांनी लिहून दिलेले भाषण हातवाऱ्यांसह म्हणायचे आणि बसायचे. त्याने सभाधीटपणा येतो, तो यावाच. पण ‘तुझे ऐकून माझे मत थोडे बदलले’ हे वाक्य मूल तिथे कधीच शिकत नाही. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचा घाट निवडला. धोंडीबा शंका काढतो, म्हणून विचार पुढे सरकतो.

तोंडी परीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी 2019 आठवावे. त्या वर्षी दहावीला भाषा विषयांचे तोंडीचे वीस गुण बंद होते. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. चर्चा झाली ती टक्क्यांची. मूल त्या वीस गुणांत नेमके काय बोलते, हा प्रश्न मागेच राहिला.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज भाषेविषयीचा आहे. आधी शुद्ध बोला, मग विचार मांडा, असे मुलांना सांगितले जाते. पनवेल तालुक्यात आगरी, कोळी, कराडी घरांतली मुले आहेत, डोंगराकडच्या वाड्यांवर ठाकूर आणि कातकरी आहेत. खारघर, कामोठे, कळंबोलीत देशभरातून आलेली कुटुंबे आहेत. ‘पानी’ म्हणणाऱ्या आगरी मुलाला वाक्याच्या मध्येच अडवून ‘पाणी’ म्हणायला लावले, की त्याचे पुढचे वाक्य घशातच राहते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी, पण तिची वेळ वेगळी. एखाद्या वर्गात कातकरी मुलगी सांगते की अमावास्येची चिंबोरी भरलेली असते आणि पुनवेची पोकळ. अशा वेळी तीन प्रश्न पुरतात: तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? दुसऱ्या कोणाला वेगळे दिसले आहे का? तपासायचे कसे? खाडीकाठचा मुलगा त्याच्या बापाचा अनुभव सांगतो, कोणी चिंबोऱ्या वजन करून पाहू म्हणतो. ऐकीव माहिती, पाहिलेले आणि पडताळलेले यांतला फरक मुले येथे शिकतात, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी त्या दिवशी वर्गाची जाणकार ठरते.

वेळ नाही, ही शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात चाळीस मुलांना एकेक मिनिटही मिळत नाही. पण जोड्या केल्या की एकाच वेळी वीस मुले बोलतात. मग शिक्षक ज्याला उठवतील त्याने जोडीदाराचे म्हणणे वर्गाला सांगायचे, स्वतःचे नव्हे. या एका अटीमुळे ऐकणे भाग पडते. पाच मिनिटे कलकलाट होतो, तो सोसावा. दुसरा उपाय फुकटचा आहे. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने 1970च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात आणि मुले आपणहून प्रश्न विचारतात. मनात एक, दोन, तीन म्हणण्याइतकाच हा वेळ आहे.

प्रश्न विचारणारी मुले उद्धट होतात, ही भीती घराघरांत असते. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 29 मध्ये मुलाला भयमुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. मोकळेपणा आणि उद्धटपणा यांतला फरक उपदेशाने कळत नाही, सरावाने कळतो. सरावाला विषय दूर शोधावे लागत नाहीत. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, दहा गावे हलली. त्या परिसरातील एकाच वर्गात कोणाच्या घरी मोबदल्याचा भूखंड आलेला असतो, कोणाच्या घरची मासेमारीची जागा गेलेली असते, तर कोणाच्या वडिलांना विमानतळाच्या कामावर रोजगार मिळालेला असतो. ‘हे बरे झाले का?’ असे विचारल्यावर तिघे तीन उत्तरे देतात आणि तिघांकडेही कारणे असतात. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे, मगच आपले मांडावे. शिक्षकाने निकाल देऊ नये. तास संपला, तर प्रश्न फळ्यावर तसाच ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करावी.