पाक कोण, नापाक कोण?

अचलपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो. त्यांची मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंग शिकायचे आहे, आणि पुढे एखाद्या मिशनच्या दवाखान्यात काम करायचीही तिची तयारी आहे. घरातल्या थोरांचे म्हणणे असे, की ख्रिस्ती लोकांत तहारत नाही, वुजू नाही, पडदा नाही. अशा ठिकाणी मुलीची हया कशी टिकणार? भगिनी विचारतात, त्यांच्या धर्मात शरीराच्या पाकीबद्दल आणि लज्जेबद्दल खरोखर काहीच सांगितलेले नाही काय?

पत्राच्या शेवटी एक गोष्ट त्यांनी सहज लिहून टाकली आहे. मुलीच्या अब्बांच्या फुफींना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषध पुरे होऊन बरीच वर्षे झाली, पण घरात त्यांची थाळी आणि पेला अजून वेगळाच ठेवतात. मुलगी फुफींच्या थाळीत जेवते, म्हणून तिला बोलणी खावी लागतात. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही शेवटी येऊ. आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर.

दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलताना ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. ख्रिस्ती बांधवांच्या ग्रंथात काय आहे ते नीट पाहिले, तर असे दिसते. हात धुण्याच्या धार्मिक विधीवरून वाद निघाला, तेव्हा हजरत ईसा (अ.) यांनी सांगितले की माणूस बाहेरून पोटात जाणाऱ्या अन्नाने नव्हे, तर मनातून बाहेर पडणाऱ्या वाईट विचारांनी अपवित्र होतो, असे इंजीलच्या वृत्तांतात आहे. म्हणून ख्रिस्ती धर्मात प्रार्थनेपूर्वी वुजूसारखी सक्ती राहिली नाही आणि खाण्याचे बहुतेक निर्बंधही गेले. इथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. आपल्याकडे पाकीवाचून नमाज होत नाही. हदीसमध्ये पाकीला ईमानाचा अर्धा भाग म्हटले आहे.

पण शरीराला त्यांच्याकडे मोल नाही असे म्हणणे चूक ठरेल. त्यांच्या पौल या धर्मोपदेशकाने करिंथ शहरातल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात मानवी देहाला ईश्वराच्या आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. देह आपल्या मालकीचा नाही, तो सोपवलेला आहे, म्हणून व्यभिचार हे देहाविरुद्धचेच पाप होय, असा तो विचार आहे. परस्त्रीकडे वासनेने पाहणे हा मनातला व्यभिचारच होय, असे मत्तयच्या वृत्तांतात सांगितले आहे. सूरह नूरमध्ये (24:30-31) नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना दिला आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. दोन्हीकडे लज्जेचा पहिला पहारा पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आहे. आपण मात्र घरात सारा उपदेश मुलीच्या ओढणीपासून सुरू करतो आणि मुलाच्या नजरेपर्यंत पोचतच नाही.

पोशाखाविषयी म्हणाल, तर साधे कपडे घालावेत, सोने, मोती आणि वेणीफणी यांपेक्षा सत्कृत्य हाच दागिना मानावा, अशी शिकवण त्यांच्या पत्रांत स्त्रियांना दिली आहे. प्रार्थनेत स्त्रीने डोके झाकावे आणि पुरुषाने उघडे ठेवावे असेही तिथे आहे. म्हणजे मशिदीत आपण टोपी घालतो, तर चर्चमध्ये पुरुष टोपी काढतो. कॅथलिक पंथाच्या 1917 च्या कायद्यात स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकण्याचा नियम होता. 1983 च्या नव्या कायद्यात तो राहिला नाही. तरी आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती भगिनी प्रार्थनेला बसताना आजही पदर डोक्यावर घेतात. ज्यांना आदर म्हणजे काय ते समजते, त्यांना तुमच्या मुलीचा स्कार्फ समजावून सांगणे अवघड नाही.

पाकीचे वेड हे सगळ्याच धर्मांच्या घरांत शिरू शकते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या वडिलांचे सोवळे वर्णिले आहे. 1857 च्या धामधुमीनंतर त्यांच्या मनाने असे काही घेतले, की मीठ आणि साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात येईना. घरातल्या बायकामुलांचे त्यात हाल झाले. लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि बाई पुढे 1900 मध्ये. पण सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून आधीच सुटले होते. विचार करता करता त्यांनीच ठरवले, की माणसाच्या हातचे खाण्यात विटाळ नाही.

आता फुफींची थाळी. हजरत मूसा (अ.) यांच्या शरीअतीत कुष्ठरोग्याला वस्तीबाहेर राहावे लागे. इंजील सांगते की असा एक रोगी पुढे आला, तेव्हा हजरत ईसा (अ.) यांनी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. कुरआननेही (3:49) त्यांच्या चमत्कारांत, अल्लाहच्या हुकमाने, कोडी माणसाला बरे करणे सांगितले आहे. ख्रिस्ती मंडळींनी या एका प्रसंगातून सेवेची मोठी परंपरा उभी केली. 1874 मध्ये वेलस्ली बेली यांनी आयर्लंडमध्ये सुरू केलेल्या लेप्रसी मिशनचा दवाखाना आपल्या परतवाड्याजवळ कोठारा येथे आहे. वऱ्हाडातच अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये तपोवन उभारले, ते ख्रिस्ती नव्हते. सेवा कोणा एका धर्माची मिरासदारी नाही. मग आपल्या वस्तीतून या कामाला किती हात गेले, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा.

संसर्गापासून जपावे असे सांगणारी हदीस आहे, हे खरे. पण जपणे वेगळे आणि नापाक समजणे वेगळे. हजरत अबू हुरैरा (र.) गुस्लची गरज असताना पैगंबर (स.) यांच्यासमोरून बाजूला झाले, तेव्हा आपण (स.) फर्मावले की मोमिन नापाक होत नसतो. मासिक पाळीत हजरत आयशा (र.) यांच्या मांडीवर डोके ठेवून आपण (स.) कुरआन पढत असत. ज्या घरात असा दाखला वाचला जातो, तिथे बऱ्या झालेल्या म्हातारीची थाळी वेगळी का?

आणि जपण्याचेही कारण उरलेले नाही. हा रोग जंतूने होतो, हे 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावा लागतो. औषध सुरू झाल्यावर लवकरच रोग पसरण्याचे थांबते. बोटे वाकलेली राहिली तरी ती जुन्या इजेची खूण असते, चालू रोगाची नव्हे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श समजत नसेल, तर लपवू नये, लगेच दाखवावे. कायदाही बदलला आहे. 2019 पर्यंत कुष्ठरोग हे तलाकचे कारण धरले जाई, ख्रिस्तींच्या 1869 च्या कायद्यात, आपल्या 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात आणि हिंदूंच्या कायद्यातही. त्या वर्षी संसदेने ते कारण सगळीकडून काढून टाकले.

भगिनी, आमचा सल्ला असा. कुठेही प्रवेश घेण्यापूर्वी आई-अब्बांनी स्वतः जाऊन विचारावे: गणवेशात पूर्ण बाह्या आणि स्कार्फ चालेल काय, नमाजला वेळ आणि जागा मिळेल काय, वसतिगृहात खाण्याची सोय कशी, त्यांच्या प्रार्थनेला हजर राहण्याची सक्ती आहे काय. उत्तरे पटली तर मुलीला खुशीने पाठवा, न पटली तर दुसरे कॉलेज शोधा. रुग्णाची जखम धुणाऱ्या हाताची हया जात नाही.

पण हे सगळे करण्याआधी एक काम आज रात्रीच करता येईल. दस्तरखान अंथराल तेव्हा फुफींची वेगळी थाळी कपाटात ठेवा आणि त्यांना मध्ये बसवा. मुलीने हे आधीच सुरू केले आहे. आता घरातल्या थोरांनी तिच्या मागे यायचे आहे. अल्लाह आपल्या सर्वांची मने पाक करो. आमीन.