जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर गेले, मग वाडीवर मोजायला का येत नाहीत?

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या भागात गोठणे इथं सरकारने जमिनीला ३,०१४ मीटर खोल भोक पाडलंय. पाण्यासाठी नाय, खाणीसाठी नाय. भूकंप कसा होतो ते जवळून बघण्यासाठी. हे काम २०१७ साली पुरं झालं. आपल्या वाडीवरचा हातपंपाचा बोअर दोनशे-अडीचशे फुटांचा असतो. हा जवळजवळ दहा हजार फुटांचा. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभी केली आहे.

ही माहिती आम्ही चाकणला कंपनीत ठेक्यावर जाणाऱ्या आपल्या पोरांना सांगितली. ती म्हणाली, "याचा आपल्याला काय उपयोग?" प्रश्न बरोबर आहे. आमच्या मते उपयोग आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि त्या भागात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसं मेली, कोयनानगरची घरं पडली. तेव्हापासून आजपर्यंत तिथं लहान-मोठे धक्के चालूच आहेत. शास्त्रज्ञ सांगतात, खालचा खडक आधीच ताणात असतो. धरणाच्या पाण्याचं वजन वरून पडतं, मुरलेलं पाणी भेगांमधला दाब वाढवतं आणि खडक सरकतो. म्हणजे धरण वर बांधलं तरी त्याचा परिणाम खाली कित्येक किलोमीटर पोचतो.

वर यंत्रं बसवून पन्नास वर्षं नोंदी घेतल्या, तरी शास्त्रज्ञांचं समाधान झालं नाही. वरून नुसता अंदाज येतो, खात्री करायची तर खाली उतरावं लागतं, असं त्यांनी ठरवलं. उतरल्यावर कळलं की गोठण्याला काळा कातळ साधारण सव्वा किलोमीटर जाड आहे आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक आहे. रशियात कोला इथं तर १२,२६२ मीटरपर्यंत गेले. तरी पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने २००३ साली मांडलं, की जमिनीला मोठी भेग पाडून त्यात लाखो टन वितळलेलं लोखंड ओतावं आणि त्याच्यासोबत लहानसं यंत्र गाभ्यापर्यंत पाठवावं. ते कागदावरच आहे.

आता आपल्या कामाचा मुद्दा. वरून बघून पुरत नाही हे सरकारला भूकंपासाठी पटतं. मग आपल्या वनहक्क दाव्यांना का पटत नाही? कागद घेऊन गेलं की सांगतात, "सॅटेलाइटच्या फोटोत शेत दिसत नाही, झाडी दिसते." अहो, डोंगरउतारावरची वरकस जमीन आहे ती. दोन-तीन वर्षं नाचणी-वरई घ्यायची, मग पडीक ठेवायची. फोटो पडीकच्या वर्षी काढला तर त्यात शेत कुठून दिसणार? बांध बघायला, राबाची जागा बघायला पायी चढून यावं लागतं.

कायदाही हेच सांगतो. वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. सॅटेलाइटचा फोटो दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतो, त्यांच्या जागी नाही. दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं हाही पुरावाच आहे. आजीला ठाऊक आहे कुठला तुकडा कोणी फोडला. ते तिच्याकडून आजच लिहून घ्या.

दुसरी गोष्ट. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, भामा आसखेडचं पुणे शहराला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या मागण्या पडून राहतात. पवनेच्या पाइपलाइनविरोधात ९ ऑगस्ट २०११ ला मावळात शेतकरी रस्त्यावर आले, तर गोळीबारात तिघे गेले. आदिवासी दिनाचीच तारीख होती ती. कोयनेसारखे भूकंप इथंही होतील असं आम्ही म्हणत नाही. उगाच कोणाला भीती घालायची नाही. पण धरणाचा परिणाम कुठवर जातो हे आधी कोणालाच नीट माहीत नव्हतं, एवढं कोयनेने शिकवलं. म्हणून वरच्या गावांना माहिती मिळालीच पाहिजे.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. भूकंपाचं शास्त्र कळलं तर पहिला जीव डोंगराखालच्या माणसाचाच वाचेल. आमचं भांडण एवढंच आहे, की जी मेहनत खडकासाठी घेता ती माणसासाठी पण घ्या.

येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा:

१. एकही दावा जागेवर येऊन पाहणी केल्याशिवाय फेटाळायचा नाही. नुसत्या फोटोवर फेटाळला असेल तर लेखी कारण मागा आणि अपील करा.

२. म्हाताऱ्या माणसांचे जबाब वनहक्क समितीने लिहून घ्यावेत, त्यांचे अंगठे-सह्या घ्याव्यात आणि एक प्रत गावात ठेवावी.

३. आपल्या हद्दीत बोअर, खोदाई, सर्व्हे काहीही असो, कशासाठी आणि किती खोल ते आधी मराठीत ग्रामसभेला सांगावं.

ठरावाची प्रत पोच घेऊनच द्या. पोच नसेल तर ठराव दिलाच नाही असं म्हणतात.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!